घटनात्मक नीती आणि आजचे शासन : नांदेड-लातूरच्या अनुभवातून एक अभ्यास

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपण विहारात जमतो, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो आणि भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेचे, म्हणजेच सरनाम्याचे, सामुदायिक वाचन करतो. आपल्या वस्तीतील लहान मुलांनाही ती आता तोंडपाठ आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अशाच एका वाचनानंतर अभ्यासवर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांला एक प्रश्न विचारला आणि आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. तो म्हणाला, "काका, उद्देशिका आम्हांला पाठ आहे. पण सरकार तिच्याप्रमाणे चालले आहे की नाही, हे ओळखायचे कसे?"

या प्रश्नावर वर्गात दोन मते पडली. ज्येष्ठ उपासक म्हणाले, घटना उत्तमच आहे. राबविणारे चांगले नसतील तर घटना काय करणार? चांगली माणसे निवडून द्या. स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हाच इशारा दिला होता, असा त्यांनी दाखला दिला. तरुणांचे म्हणणे वेगळे पडले. ते म्हणाले, माणसांच्या चांगुलपणावर विसंबून कसे चालेल? त्यासाठी न्यायालये आहेत. सरकार चुकले की न्यायालयात जावे.

दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत असे आम्हांस वाटते. चांगला अधिकारी येतो, दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. आणि न्यायालयाचे म्हणाल, तर किनवटच्या किंवा निलंग्याच्या मजुराला खंडपीठात जायचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. वकील, कागद, प्रवास, बुडालेली मजुरी. न्याय मिळेपर्यंत घरातली चूल किती दिवस थांबेल? तेव्हा घटनेची तत्त्वे माणसाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही आणि केवळ न्यायालयाच्या दारात ठेवूनही चालणार नाही. ती शासनाच्या रोजच्या रचनेत, म्हणजे नियमात, शासन निर्णयात, फाईलीच्या प्रवासात आणि काउंटरवरच्या वागणुकीत उतरली पाहिजेत. हाच या लेखाचा विषय आहे.

बाबासाहेबांनी दाखविलेला धोका

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. त्या वेळी मसुद्यावर एक टीका अशी होती की, त्यात प्रशासनाचा तपशील फार भरला आहे आणि तो बराचसा १९३५ च्या कायद्यातून घेतलेला आहे. मूलभूत तत्त्वे सांगावीत आणि तपशील पुढच्या कायदेमंडळांवर सोडावा, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

बाबासाहेबांनी दिलेले उत्तर आज प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे. ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याने मांडलेल्या घटनात्मक नीतिमत्तेच्या कल्पनेचा त्यांनी आधार घेतला. घटनेच्या स्वरूपाविषयी सर्वांच्या मनात आदर असणे, सत्तेवर असलेल्यांनी मर्यादा पाळणे, लोकांनी मोकळेपणाने टीका करणे, आणि आपल्या विरोधकालाही घटना तितकीच पवित्र वाटेल असा विश्वास असणे, हे त्या नीतिमत्तेचे सार होय. ही नीतिमत्ता माणसाला उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपले लोक अजून ती शिकलेले नाहीत, असे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले. पुढे ते म्हणाले की, घटनेचे एक अक्षरही न बदलता केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून घटना विकृत करता येते.

बांधवांनो, हे वाक्य साधे वाटते, पण फार खोल आहे. आपण नेहमी घाबरतो ते घटना बदलण्याला, आणि ती भीती योग्यच आहे. परंतु बाबासाहेब सांगतात की, न बदलताही ती निरुपयोगी करता येते. पुस्तक कपाटात सुरक्षित राहील, पुतळ्याला हारही पडतील, आणि खाली कचेरीत कारभार तिच्या उलट चालेल. म्हणून घटनेचे रक्षण करणाऱ्याने पुस्तकाबरोबर कचेरीकडेही लक्ष ठेवले पाहिजे.

भिक्खू संघाची कार्यपद्धती

कार्यपद्धती म्हणजे कारकुनी काम, असे समजून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. भगवान बुद्धांनी तसे केले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी घटना समितीला आठवण करून दिली की, संसदीय पद्धती भारताला नवी नाही. भिक्खू संघात बसण्याचे नियम, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व होते.

विनयपिटकात त्याचा तपशील सापडतो. संघापुढे विषय आला की प्रथम ज्ञप्ती, म्हणजे ठरावाची सूचना दिली जाई. नंतर ठराव वाचून दाखविला जाई. महत्त्वाच्या कामात तो तीनदा वाचला जाई. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. एकमत न झाल्यास शलाका वाटून मते घेतली जात. आजारी भिक्खूला सभेस येता आले नाही, तर त्याची संमती दुसऱ्यामार्फत कळविण्याची सोय होती. अंथरुणावर पडलेल्या माणसाचेही मत मोजायचे, हा केवढा मोठा विचार आहे!

महापरिनिब्बान सुत्तातही हाच बोध आहे. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याचा मंत्री वस्सकार भगवंतांकडे आला, तेव्हा भगवंतांनी आनंदाला वज्जींविषयी सात प्रश्न विचारले. ते वारंवार एकत्र जमतात काय? एकोप्याने जमून एकोप्याने उठतात काय? ठरलेले नियम पाळतात काय? स्त्रियांचा मान राखतात काय? जोवर हे चालू आहे तोवर वज्जींची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितले. गणराज्याचे बळ त्यांनी सैन्यात मोजले नाही, सभेच्या शिस्तीत मोजले. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतली नसून भगवान बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले, त्यामागे ही सर्व परंपरा उभी आहे.

आता या कसोट्या घेऊन आपण आपल्याच भागातील काही घटना तपासून पाहू.

पहिला धडा : ठराव आणि अंमल

१९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला व तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. परंतु प्रत्यक्षात त्या तळ्यावर अस्पृश्य माणूस पाणी पिऊ शकत नव्हता. तो कागदावरचा हक्क ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ साली लागला. ठराव व अंमल यांमध्ये चौदा वर्षे गेली.

हे ब्रिटिश अमदानीत घडले. स्वतंत्र भारतात, घटना लागू झाल्यावर, आपल्या मराठवाड्यात काय घडले? २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्याने त्याची फार मोठी झळ सोसली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांना प्राण गमवावे लागले. ठराव स्थगित राहिला. पुढे सभा झाल्या, परिषदा झाल्या, १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. विधिमंडळाच्या ठरावापासून अंमलापर्यंत जवळजवळ साडेपंधरा वर्षे गेली!

येथे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. शासनाला जनभावना पाहावी लागते, शांतता राखावी लागते, घाईने निर्णय राबविला असता तर आणखी रक्त सांडले असते, असे तेव्हा म्हटले जाई. शांतता राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. पण शांतता भंगणाऱ्याला आवरून शांतता राखायची, की ज्याचा हक्क आहे त्याला थांबवून? जाळपोळ केली म्हणून निर्णय थांबतो, असा संदेश एकदा गेला की कायद्याचे राज्य मागे पडते आणि बळाचे राज्य पुढे येते. बहुमताला भावना असतात. घटना बहुमतालाही बांधून ठेवते, म्हणून तर ती घटना आहे.

विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारतात. घटना लागू झाल्यावर सत्याग्रह, असहकार हे मार्ग सोडावेत, ती अराजकाची वाट आहे, असे बाबासाहेबच म्हणाले होते. मग लाँग मार्च घटनेला धरून होता काय? आमचे उत्तर असे आहे. शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९ ने दिलेला आहे. विधिमंडळाने केलेल्या ठरावाची अंमलबजावणी करा, ही मागणी अराजकाची कशी ठरेल? ती तर घटनेलाच हाक होती. अराजक माजविले ते वस्त्या पेटविणाऱ्यांनी. मात्र तरुणांना आम्ही हात जोडून एक सांगू इच्छितो. ज्यांनी प्राण दिले त्यांना आमचे वंदन आहे, परंतु मंजूर झालेल्या ठरावासाठी एखाद्याला जीव द्यावा लागणे, हा शासनाचा पराभव असतो. आपण जगून, शिकून, संघटित होऊन लढावे. बाबासाहेबांचा मार्ग तोच आहे.

दुसरा धडा : समतेचे माप कोणते?

नामविस्ताराच्या काही महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच मातीच्या व दगडांच्या ढिगाऱ्याखाली गेली. गावेच्या गावे सपाट झाली. त्यानंतरचे पुनर्वसन हे महाराष्ट्र शासनाच्या मोठ्या कामांपैकी एक मानले जाते आणि ते मोठे होतेच. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यालाही पक्के घर मिळाले. ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो.

परंतु अभ्यास करायचा तर त्या घरांचे मापही पाहिले पाहिजे. स्थलांतरित गावांत भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टर जमीन असलेल्याला ४०० चौरस फुटांचे, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे घर, असा नियम होता. म्हणजे घराचे माप सातबाऱ्यावरून ठरले.

अनुच्छेद १४ सांगतो की, राज्य कोणालाही कायद्यापुढील समानता नाकारणार नाही. याचा अर्थ सर्वांना एकाच मापाने मोजावे असा नाही. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने वर्गीकरणाची कसोटी सांगितली आहे. वर्ग पाडताना फरक स्पष्ट असावा आणि त्या फरकाचा योजनेच्या उद्देशाशी तर्काला पटणारा संबंध असावा. आता आपण पुनर्वसनाला ही कसोटी लावू. फरक स्पष्ट होता, जमीन मोजता येते. पण उद्देश कोणता होता? उघड्यावर पडलेल्या माणसाला निवारा देणे. निवाऱ्याची गरज जमिनीवरून ठरते की घरातल्या माणसांवरून? सात माणसांचे भूमिहीन कुटुंब २५० चौरस फुटांत आणि चार माणसांचे मोठे शेतकरी कुटुंब ७५० चौरस फुटांत, असे या नियमाने होऊ शकत होते.

याचे समर्थनही आहे. मोठ्या शेतकऱ्याचा वाडा पडला, त्याचे नुकसान मोठे. त्याला बैल, अवजारे, धान्य ठेवायला जागा लागते. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण गोठ्याची जागा वेगळी देता आली असती. शिवाय भूमिहीन हा भूमिहीन का राहिला, याचे उत्तर आपल्या गावगाड्याच्या इतिहासात आहे. जातीमुळे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळाली नाही, त्याला जमीन नाही म्हणून लहान घर दिले, तर जुनी विषमता नव्या सिमेंटमध्ये पक्की झाली, असे म्हणावे लागते. कोणाच्या मनात द्वेष असेल असे आम्ही म्हणत नाही. कदाचित सोयीचे माप म्हणूनच सातबारा घेतला असेल. हेच आम्हांला दाखवायचे आहे. द्वेष नसतानाही, केवळ नियम लिहिताना समतेची आठवण न ठेवल्यामुळे अन्याय होऊ शकतो. म्हणून नियम लिहिणाऱ्याच्या टेबलावर उद्देशिका हवी.

तिसरा धडा : मार्गदर्शक तत्त्वे आणि लातूरचे पाणी

घटनेच्या चौथ्या भागात राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, असे अनुच्छेद ३७ म्हणतो. एवढेच वाचून पुष्कळ जण ती शोभेची समजतात. पण त्याच अनुच्छेदात पुढे म्हटले आहे की, देशाच्या शासनव्यवहारात ही तत्त्वे मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची होईल अशी असावी, असे अनुच्छेद ३९ सांगतो. आमच्या मते पाणी ही मराठवाड्यातील पहिली भौतिक साधनसंपत्ती होय.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराचे हाल झाले. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. हिशेब केला तर माणशी सव्वा लिटर! पुढे मोठ्या गाड्या आल्या आणि शहर तगले. मिरजेच्या बांधवांचे व रेल्वे कर्मचाऱ्यांचे उपकार लातूरकर विसरणार नाहीत.

पण शासनाचा अभ्यास करणाऱ्याने मागे जाऊन विचारले पाहिजे. पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम, असे राज्याची जलनीतीच सांगते. मग त्याच खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढत असताना, साखर कारखाने उभे राहत असताना तो क्रम कोणी तपासला? ऊस लावणारा शेतकरी वाईट नाही. ज्या पिकाला खात्रीचा भाव मिळतो ते तो लावणार. प्रश्न धोरणाचा आहे. चांगल्या पावसाच्या वर्षांत धरणाच्या पाण्याला जो नियम लावायचा तो लावला नाही, आणि टंचाईच्या वर्षी नियम लागला तो घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायाबापड्यांना. भांडणे होत होती, म्हणून आदेश काढला, हे खरे. परंतु कायद्याचा हात वर धरणापर्यंत पोहोचला नाही, म्हणूनच तो खाली नळापर्यंत यावा लागला.

सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध पाणी व हवा यांचा हक्क जगण्याच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद २१ मध्ये, गणला. महाडला आपण पाण्याच्या समान हक्कासाठी लढलो. आज तळे सर्वांना खुले आहे, पण तळ्यात पाणी असणे हाही हक्काचा भाग झाला आहे.

चौथा धडा : ग्रामसभा आणि काउंटर

१९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात स्त्रियांचे आरक्षण पुढे निम्म्यावर गेले. आज आपल्या भागातील कितीतरी भगिनी सरपंच झाल्या आहेत. पण ग्रामसभा खरोखर भरते काय, की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात? सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात काय? ज्ञप्ती वाचली जाते काय? भिक्खू संघात आजाऱ्याचेही मत घेत, आणि आपण धडधाकट माणसाचेही घेत नसू, तर घटनादुरुस्ती कागदावरच राहते.

आता आधुनिक शासन म्हणजे संगणक, थेट खात्यात जमा होणारे अनुदान, अंगठ्याची ओळख. आम्ही बँकेत नोकरी करतो, म्हणून या बदलाचा लाभ रोज पाहतो. मधला माणूस पैसे खात असे, ते पुष्कळ कमी झाले. पण याची दुसरी बाजूही काउंटरवरच दिसते. निराधार योजनेचे अनुदान घ्यायला एखादी म्हातारी येते. आयुष्यभर खुरपे व कोयता धरल्याने तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही. ती विचारते, "बाळा, मी मीच हाय, मशीनला कळंना का?" काउंटरवर बसलेला म्हणतो, "मावशी, मशीन घेत नाही, आम्ही काय करणार?" असे उत्तर आम्हीही दिले आहे, हे येथे कबूल करतो. नंतर मनाला लागले. कागदपत्रे पाहून, रजिस्टरला नोंद घेऊन दुसऱ्या मार्गाने तिची ओळख पटविता येते. त्याला फक्त दहा मिनिटे जास्त लागतात.

त्या दहा मिनिटांतच घटना आहे, असे आता आम्हांस वाटते. उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा हे शब्द आहेत. यंत्राला प्रतिष्ठा कळत नाही. यंत्राने नाही म्हटल्यावर माणसाचे म्हणणे कोण ऐकणार, हे नियमातच लिहिलेले असले पाहिजे. नाहीतर एखादा भला कारकून भेटला तर पैसे मिळतील, नाही भेटला तर नाही. मग हक्क कसला, ती मेहरबानी झाली.

'तत्त्वांमुळे कामे रखडतात' हा आक्षेप

अलीकडे असेही ऐकू येते की, एवढे नियम, सुनावण्या, आरक्षणे, माहितीचे अर्ज यांमुळे कामे होत नाहीत; एक खंबीर नेता हवा, तो झटपट निर्णय घेईल. या विचाराला तरुणही भुलतात. बाबासाहेबांनी १९४९ सालीच सावध केले होते की, कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. राजकारणात भक्ती ही अधोगतीची वाट आहे. हा इशारा आपल्या आवडत्या नेत्यालाही लागू आहे, हे विसरू नये.

आणि वेळेचे म्हणाल, तर नामांतराला साडेपंधरा वर्षे तत्त्वांमुळे लागली काय? तत्त्वे बाजूला ठेवली म्हणून लागली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन घातले, २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देण्याचे. तत्त्व नियमात उतरले की काम लवकर होते, याची ही उदाहरणे आहेत.

विद्यार्थ्यांसाठी पाच प्रश्न

सुरुवातीच्या प्रश्नाकडे आता येऊ. सरकार उद्देशिकेप्रमाणे चालले आहे की नाही, हे ओळखायचे कसे? कोणताही शासन निर्णय, योजना किंवा पंचायतीचा ठराव हातात घ्या आणि वहीत पाच प्रश्न लिहा.

१) हा निर्णय घेण्यापूर्वी ज्यांच्यावर तो होणार आहे, त्यांना विचारले काय?

२) माणसांचे वर्ग पाडले असतील, तर त्या मापाचा योजनेच्या उद्देशाशी संबंध आहे काय?

३) अंमल कोणी करायचा व किती दिवसांत, हे लिहिले आहे काय?

४) नकार मिळालेल्या माणसाने कोणाकडे दाद मागायची, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगितले आहे काय?

५) वस्तीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाला, कोणाचीही चिठ्ठी वा ओळख न लावता, लाभ मिळेल काय?

पाचवा प्रश्न शेवटी ठेवला असला, तरी तो पहिला समजावा.

हेच प्रश्न आपण आपल्या संस्थांनाही विचारले पाहिजेत. आपल्या मंडळाची सभा सूचना देऊन होते काय? जमाखर्च वाचून दाखविला जातो काय? कार्यकारिणीत भगिनी किती? नामांतराच्या लढ्यात आपल्याबरोबर उभ्या राहिलेल्या मातंग, मुस्लिम, मराठा व इतर समाजांतील समतावादी बांधवांशी आपले आज किती येणे-जाणे आहे? बंधुता नसेल तर समता व स्वातंत्र्य ही रंगाच्या हातासारखी वरवरची राहतील, असे बाबासाहेबांनी बजावले आहे. सरकारला जी नीती शिकवायची, ती आधी विहारात पाळू या.

पुढच्या २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचे वाचन झाल्यावर लगेच उठू नये, अशी आमची सर्व सदस्यांना नम्र विनंती आहे. आपल्या तालुक्यातील एखादा ताजा शासन निर्णय आणावा, एका विद्यार्थ्याने तो वाचावा आणि सर्वांनी मिळून वरील पाच प्रश्नांवर तो तपासावा. जेथे खोट दिसेल तेथे मंडळाने लेखी अर्ज द्यावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. उद्देशिका पाठ असलेल्या मुलांना ती वापरायला शिकविण्याचे काम आता आपले आहे.

भवतु सब्ब मंगलम्‌. जय भीम!